खळाळत्या पाण्याची टाकी आणि दगडाला चिकटणारे कॅटफिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरी ओढ्यातले छोटे कॅटफिश घरी ठेवायचे म्हणणारे बहुतेक जण आधी मासा शोधतात आणि मग टाकीचा विचार करतात. मीही तेच केलं होतं. त्यात जे मासे गेले, त्यांच्यामुळे खालची बरीचशी उत्तरं मला ठाऊक झाली. माझी टाकी पुण्यात आहे, त्यामुळे उन्हाळा, वीज आणि पाणी यांबद्दलचं बोलणं इथल्या हवेला धरून आहे.

हे नेमके कोणते मासे? दुकानात काचेला चिकटलेला सकर असतो, तोच का?

तो नव्हे. दुकानातला सकर दक्षिण अमेरिकेतला. तो तोंडाने चिकटतो, फूटभर वाढतो आणि कंटाळलेल्या लोकांनी नदीत सोडून दिल्यामुळे आपल्याकडच्या पाण्यांत आता उपद्रव झाला आहे. आपण बोलतोय ते सिसोरिडी कुळातल्या आशियाई माशांबद्दल. त्यात ग्लिप्टोथोरॅक्स मुख्य, शिवाय स्यूडेकेनिस आणि त्यांचे भाऊबंद. चपटं पोट, आडव्या पसरलेल्या छातीच्या पंखांची जोडी, चार जोड्या मिशा आणि ओल्या दगडासारखा रंग. ग्लिप्टोथोरॅक्सच्या बऱ्याच जाती बोटभर लांबीच्या आसपासच राहतात.

याच कुळात गूंच येतो, म्हणजे बॅगॅरियस. त्याचं पिल्लू गोंडस दिसतं आणि 'रेअर हिलस्ट्रीम कॅटफिश' म्हणून विकलंही जातं. हा मासा मीटरभराच्या पुढे वाढतो. घेऊ नका.

चिकटतात म्हणजे कसे? जळूसारखे?

ग्लिप्टोथोरॅक्सच्या छातीवर कातडीच्या बारीक चुण्या असतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्या चुण्यांवर अतिसूक्ष्म, कडक टोकं दिसतात, आणि तीच खडबडीत दगडात अडकतात. वरून वाहणारं पाणी चपट्या शरीराला आणखी खाली दाबतं. स्यूडेकेनिसमध्ये याच चुण्या आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या असतात.

सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुढे संचालक झालेले मत्स्यतज्ज्ञ. प्रवाहात टिकून राहण्याच्या या अवयवांवर त्यांनी १९३० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं होतं. टाकीवाल्याने यातून एवढंच घ्यायचं की या माशाला खडबडीत, स्वच्छ दगड लागतो. बुळबुळीत शेवाळाचा जाड थर बसला की त्याची पकड सुटते.

मी सह्याद्रीत ट्रेकला जातो. ओढ्यातून दोन-चार आणले तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर लांबलचक आहे.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून मासा उचलता येत नाही. तिथे प्रश्नच मिटला. बाहेरच्या ओढ्यांचं काय? इथल्या जाती कोणत्या ते आधी पाहू. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावं देताना इथल्याच बोलीतले शब्द वापरले. गारा मुल्या, लेबिओ बोगट ही त्याचीच नावं. ग्लिप्टोथोरॅक्स लोनाह हाही त्याचाच. पुढे १९३८ मध्ये होरांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस ही जात वर्णिली. शहराचं नाव मिरवणारा हा मासा आज जागतिक लाल यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. ज्या नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन झालं तिची शहरातली अवस्था कुठल्याही पुलावर उभं राहून बघता येते, वासही येतो.

असे मासे राहतात कुठे, तर वरच्या भागातल्या खळाळांमध्ये. असा एखादा खळाळ पन्नास पावलांचा असतो. उन्हाळ्यात त्याची धार मनगटाएवढी होते आणि उरलेले मासे चार दगडांखाली गोळा होतात. आपण ट्रेकला जातो तेव्हा 'केवढे सहज सापडतात' असं वाटतं ते नेमकं याच दिवसांत. चारातले दोन आपण आणले तर पावसाळ्यात त्या खळाळात अंडी घालणार कोण?

'चार माशांनी काय फरक पडतो' या प्रश्नालाही उत्तर आहे. भारतातून २००५ ते २०१२ या काळात धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेल्याचं संशोधकांनी मोजलं आहे. त्यात केरळचा डेनिसन बार्ब मोठ्या संख्येने होता आणि आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातही मिळणारा पट्ट्यांचा बोटिया स्ट्रायटा होता. ते सगळे चार-चार करूनच पिशव्यांत गेले होते.

तेव्हा सह्याद्रीतला ग्लिप्टोथोरॅक्स ओढ्यात बघा. गुडघाभर पाण्यात डायव्हिंगचा मास्क लावून पालथं पडलं की टाकीत कधी दिसणार नाही असं दृश्य दिसतं. बघताना उचललेला दगड होता तसा परत ठेवा, कारण खाली अंडी असू शकतात.

मग टाकीसाठी आणायचे कुठून?

बाजारात येणारे बहुतेक मासे उत्तर बंगाल आणि आसामच्या नद्यांतून कोलकात्याच्या व्यापाऱ्यांमार्फत येतात. तेही पकडलेलेच असतात, म्हणून 'दुर्मीळ' या शब्दावर भाळू नका. विक्रेत्याला नदीचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर सोडून द्या. नवख्याने व्यापारात नियमित येणारी, लहान राहणारी एखादी जात घ्यावी आणि तीन-चार माशांवर थांबावं.

अँकर कॅटफिश (हारा) जेमतेम दीड इंचाचा आणि सहज मिळणारा आहे, पण तो संथ, वाळू-पाचोळ्यातल्या पाण्यातला. त्याला या टाकीत घालणं म्हणजे आजोबांना लोकलच्या दारात उभं करणं.

हिमालयातले आणि सह्याद्रीतले मासे इतके सारखे कसे?

होरांनाही हाच प्रश्न पडला होता. सातपुड्याच्या रांगेवरून हे मासे पूर्वेकडून पश्चिम घाटापर्यंत पोचले असावेत, असं त्यांनी मांडलं. 'सातपुडा गृहीतक' ते हेच. भूशास्त्राने त्याला फारशी साथ दिली नाही, पण वाद रंगतदार आहे. टाकीपुरतं बोलायचं तर हिमालयाच्या पायथ्याची जात थंडीला आणखी सरावलेली असते, म्हणून तापमानाच्या प्रश्नात ती आपल्याला जास्त छळते.

टाकी केवढी हवी?

लांब आणि उथळ. माझी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २१० लिटर. पाणी मी दहा इंचांवर ठेवतो. उंच टाकी शोभते, पण तिच्यात प्रवाह मरतो. वर घट्ट झाकण हवंच, कारण हे मासे ओल्या काचेवरून वर चढतात.

प्रवाह किती? 'ताशी वीसपट टर्नओव्हर' पुरे का?

टाकीतलं पाणी तासाला किती वेळा पंपातून फिरतं, तो टर्नओव्हर. हा आकडा सगळे सांगतात आणि तो फसवा आहे. हिशोब करून बघा. दीड फूट रुंद आणि दहा इंच खोल पाण्याचा काटछेद सुमारे ११५० चौरस सेंटिमीटर भरतो. पंप ताशी ४००० लिटरचा असेल तर सेकंदाला ११०० घन सेंटिमीटर पाणी हलतं. भागाकार केला की सरासरी वेग येतो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर! गोगलगायीला लाज वाटायची नाही. टर्नओव्हर मात्र वीसपटीच्या पुढे गेलेला असतो.

म्हणजे संपूर्ण टाकीत नदीचा वेग आणायचा विचार सोडून द्यायचा आणि एक पट्टा वेगवान करायचा. पंख्याचा वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात बुडवून पाणी ढकलणारा पंप, त्यासाठी उत्तम, कारण तो स्वतःच्या धारेबरोबर आजूबाजूचं पाणीही ओढून नेतो. मी दोन वेव्हमेकर एकाच बाजूच्या काचेवर, एकाच दिशेने लावले आहेत. त्यांच्या धारेसमोर मोठे गोटे असे मांडायचे की दोन गोट्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पाणी सुसाट जावं आणि गोट्याच्या पाठीमागे शांत खोबणी तयार व्हावी. माशाला दोन्ही लागतात. तो जेवतो धारेत आणि विसावतो आडोशाला.

मोजायची युक्ती सोपी आहे. कोथिंबिरीचं पान चुरून एक कण धारेत सोडा आणि काचेवर फूटपट्टी धरून मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घ्या. मुख्य पट्ट्यात एका सेकंदात फूटभर अंतर कापलं गेलं तर छान. अर्धा फूट असेल तर पंप वाढवण्याआधी दगड हलवून बघा. माझ्याकडे दोन गोटे चार बोटं जवळ सरकवल्यावर जो फरक पडला, तो नवा पंप घेऊनही पडला नव्हता.

रिव्हर मॅनिफोल्ड करावा का?

टाकीच्या तळाशी पीव्हीसीचे दोन पाइप, एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला स्पंज. पंप पाइपातून पाणी ओढतो, स्पंज ते गाळतो आणि वरून सगळं पाणी एकाच दिशेला वाहतं. प्लंबिंगच्या दुकानातले एल्बो, टी आणि पाइप पुरतात. सोल्युशन लावू नका, सांधे नुसते दाबून बसवले तरी चालतं. एक गोष्ट पाळा, स्पंजपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. माझा पहिला मॅनिफोल्ड दगडांच्या ढिगाखाली गेला होता. स्पंज धुवायचा म्हणजे सगळी नदी उपसायची, म्हणून धुणंच टळायचं. आता स्पंज मोकळ्या कोपऱ्यात उभे आहेत.

उन्हाळ्याचं काय? पुण्यात मे महिन्यात खोलीच ३४-३५ अंशांवर जाते.

इथेच बहुतेक टाक्या बसतात. या माशांना २० ते २४ अंश मानवतं, २६ पर्यंत थोडे दिवस निभावतं. खरी अडचण आहे प्राणवायूची. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. पुण्याच्या उंचीमुळे त्यातले आणखी सहा-एक टक्के कमी धरा. आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची भूक मात्र वाढते. खळाळात राहणाऱ्या माशाला कमी प्राणवायूत जगायची सवय नसते. मांगूरसारखा तो वर येऊन हवा गिळू शकत नाही.

शत्रू घरातलाही असतो. पाण्यात बुडालेल्या पंपाची सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. २५ वॅटचे दोन जुने पॉवरहेड (पाण्यात बुडवायचे पंप) दिवसरात्र चालले आणि ती उष्णता कुठेच गेली नाही असं धरलं, तर २०० लिटर पाणी दिवसाला पाच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी बाहेर जाते, पण काही उरतेच. कमी वॅटचे डीसी वेव्हमेकर घ्यायचं हे माझं मुख्य कारण.

थंड करायला पहिला उपाय टेबल फॅन, वारा पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा लागेल असा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की २०० लिटर पाण्यातून जवळजवळ तीन अंशांची उष्णता निघून जाते. पुण्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. मुंबई-रत्नागिरीत चालत नाही, तिथे घरातला कूलर चालत नाही त्याच कारणाने. कोकणपट्टीत आणि विदर्भात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हा छंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिलर महाग असतो. तेवढे पैसे बाजूला काढता येत नसतील तर दुसरे मासे ठेवा, सुंदर मासे पुष्कळ आहेत.

बर्फाच्या बाटल्या? पाहुणे आल्यासारखी एखाद्या दिवसाची वेळ निभवायला ठीक. रोज दुपारी चार अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, हा हेलकावा सततच्या २६ अंशांपेक्षा वाईट.

उडालेलं पाणी भरताना आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. वाफ क्षार बरोबर नेत नाही. नळाचंच पाणी भरत राहिलात तर मे महिनाअखेर टाकीतलं पाणी बोअरसारखं जड झालेलं असतं.

लाइट गेली तर किती वेळ हाताशी असतो?

कमी. एका ऑक्टोबरात मध्यरात्री आमच्या भागातली वीज गेली आणि मी झोपलेलो. सकाळी सहाला उठलो तेव्हा चार मासे पोट वर करून पडले होते. वरच्या पाण्यातले झेब्रा डॅनिओ, म्हणजे छोटे पट्टेरी मासे, मात्र मजेत होते. त्या दिवसापासून टाकीला दोन आधार आहेत. एक वेव्हमेकर आणि एक एअर पंप इन्व्हर्टरवर, शिवाय पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप.

अजून एक सापळा असतो कॅनिस्टर फिल्टरचा, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरचा. तो काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात आणि वीज आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते. अशा वेळी चालू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्या.

पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं?

नळाचं, अँटीक्लोरीन घालून. बेसाल्टच्या भागात बोअरचं पाणी बहुधा जड निघतं. टँकरचं कुठून आलं ते देवालाच ठाऊक. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वास जास्त आला तर अँटीक्लोरीनचा डोसही वाढवा. टाकी नवी असेल तर मासे घालण्याआधी निदान दोन-तीन महिने चालू द्या.

त्या दोन-तीन महिन्यांत टाकी रिकामी ठेवायची?

पाच-सहा झेब्रा डॅनिओ घाला. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी ते पैदास करून विकले जातात, त्यामुळे नदीवर भार नाही, आणि प्रवाहात ते खेळतात. पुढे सोबती म्हणूनही तेच राहू द्या. डॅनिओचा भाऊबंद डेव्हॅरिओही चालतो. एंजल, गोल्डफिश, गुरामी नको. लोच (तळाशी राहणारे लांबट मासे) घालायचे असतील तर मोजके, कारण ते रात्री याच माशांच्या ताटातलं पळवतात.

दगड कोणते?

नदीतले गोलसर गोटे, बांधकाम साहित्याच्या दुकानातून घेतलेले. मुठीएवढ्यापासून नारळाएवढे, खाली बारीक वाळू. फोडलेली धारदार खडी नको. मोठा गोटा आधी काचेवर टेकवा, मग वाळू घाला. वाळूवर ठेवलेला गोटा माशांनी खालची वाळू उकरली की कलंडतो.

खायला काय द्यायचं? माझे मासे खातात तरी बारीक होत चालले आहेत.

ओढ्यात हे मासे दगडांवरच्या किडींच्या अळ्या खातात. दाण्यांचं खाद्य बहुतेक जण तोंडात घेऊन थुंकतात. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि जिवंत अळ्या हा मुख्य आहार. ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, स्वस्त आहे, पण नाल्यातून येतो. द्यायचाच तर काही दिवस वाहत्या पाण्याखाली ठेवून. डासांच्या अळ्या उत्तम, मात्र गच्चीवर बादलीत वाढवू नका. शेजारी डेंग्यूने पडला तर माशांचं कौतुक कुणी ऐकून घेणार नाही.

'खातात तरी बारीक' याचं कारण बहुतेकदा असं असतं की खातं दुसरंच कुणी. ब्लडवर्मचा चौकोनी तुकडा संपलेला पाहून मी महिनाभर खूश होतो. रात्री टॉर्च लावून पाहिलं तेव्हा सगळं डॅनिओ आणि दोन लोच फस्त करत होते. आता एक इंची पाइपाचा तुकडा तिरपा धरून खाद्य थेट गोट्याच्या आडोशाला सोडतो, दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने. त्या वेळी वेव्हमेकर दहा मिनिटं मंद, बंद नव्हे. डॅनिओंना त्याआधीच जेवू घालायचं.

पोट तपासायला मासा काचेला चिकटण्याची वाट बघा आणि फोटो काढा. छातीच्या चुण्यांमागे पोट खोलगट दिसलं तर आहार वाढवा. आठ-दहा दिवसांत भरलं नाही तर पोटातल्या जंतांची शंका घ्या. नदीतून आलेल्या माशांत ते असतातच, आणि लेव्हामिसोल किंवा प्राझिक्वाँटेल त्यावर चालतं.

पांढरे ठिपके आलेत. तापमान ३० करून मीठ घालू का?

थांबा! इतर माशांना वाचवणारा हा उपाय यांचा जीव घेतो. खवले नसल्याने तांबं, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन यांचा पूर्ण डोसही झेपत नाही. अर्ध्या डोसाने सुरुवात करा, पाणी २४ अंशांवर ठेवा, हवा वाढवा आणि धीर धरा. थंड पाण्यात ठिपक्यांच्या परजीवीचं चक्र संथ चालतं, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध दोन आठवडे चालू ठेवावं लागतं. नवीन मासे वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवलेत तर ही वेळ सहसा येत नाही.

जाळीत अडकला, काय करू?

ओढू नका. छातीच्या पंखाचा काटा दातेरी असतो, ओढलं की मोडतो. जाळी पाण्यात धरून कात्रीने कापा. जाळी शंभर रुपयांची असते. पुढच्या वेळी पारदर्शक डबा वापरा. प्रवासाला पिशवीही दुहेरी लागते, याच काट्यापायी. एकदा कुरिअरने आलेल्या खोक्यात माझ्या हाती तीन ओले रुमाल आणि एक कोरडी पिशवी आली होती.

पिल्लं होतील का?

आशा धरू नका. पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या प्रमाणात थंड, मऊ पाणी बदलून आणि धार वाढवून बघायला हरकत नाही, मीही दर जूनला करतो. आतापर्यंत मासे जरा जास्त धावपळ करतात, एवढंच दिसलं आहे.

सहा महिने झाले, मासे दिसतच नाहीत. आहेत की गेले?

बहुधा आहेत. दगड उचलून शोधू नका. दिवे बंद करून तासभर जाऊ द्या, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि सगळ्यात वेगवान फटीच्या वरच्या कडेला प्रकाश टाका. तिथे दगडाचाच एक तुकडा किंचित श्वास घेताना दिसेल. माझ्याकडे सध्या तीन आहेत. मागच्या आठवड्यात मोजायला बसलो तर एका रात्री दोन मिळाले, तिसरा पहाटे साडेचारला वेव्हमेकरच्या अगदी तोंडाशी, पंख्याच्या जाळीवर चिकटलेला.